सारंगकाकांचे पाइप

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मुक्काम आगरदांडा. नोकरी मुरूडला, रक्त तपासणीच्या एका खाजगी लॅबमध्ये, पण मुरूडला खोल्यांची भाडी पर्यटकांच्या हिशेबानं लावतात, म्हणून इकडे जेटीच्या वरच्या अंगाला आलो. घर कौलारू, मागे सुपारीची वाडी, पुढच्या ओटीवरून खाडी आणि पलीकडची दिघी दिसते. आत्ता लिहिताना फेरीबोट निघालीय, तिच्यात एक विटांचा ट्रक आणि लग्नाचं वऱ्हाड एकत्र चढलंय. मजा वाटली.

घरमालकीण तुळसाकाकू. साठीच्या, काटकुळ्या, एवढ्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचं पोलकं. बोलतात कमी. आल्याआल्या मला ताटभर बोंबील-भात वाढला आणि समोर बसून बघत राहिल्या, बस्स.

बाबांचा राग अजून गेलेला नाही. उरणला दोन ट्रेलर दारात उभे असताना पोरगा लोकांचं रक्त तपासायला जातो, हे त्यांना पटत नाही. निघताना माझी पाइपची पेटी बघून म्हणाले, "ह्या चिलमी घेऊन चाललास व्हय संसार मांडायला?" बाबांना काय सांगणार. पेटीत अकरा पाइप आहेत आणि त्यातला एकही मी नवा घेतलेला नाही, याचा मला जो अभिमान आहे तो घरात कुणालाच कळत नाही.

संध्याकाळी पाइप खिडकीत मांडत होतो तेव्हा काकू दाराशी येऊन थबकल्या. पदर तोंडावर गेला. मला वाटलं, आता खोली गेली हातची. पण त्यांनी एवढंच विचारलं, की मी हे नुसते ठेवतो की ओढतोही. ओढतो म्हटलं. मान हलवून गेल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कमी पैशांत पाइप जमवायचे तर दुसऱ्यानं ओढून टाकलेले घ्यावे लागतात. माझा पहिला उरणला जहाजाच्या भंगारात मिळाला, एका गंजक्या कंदिलाच्या आत. तेव्हापासून माझे नियम ठरलेत. वाटीला, म्हणजे तंबाखू भरायच्या खळग्याला, चीर नको. धूर यायचं छिद्र वाटीच्या बरोबर तळाशी उघडायला हवं. काठ जळका असला तर चालतो, नळी पिवळी पडलेली चालते, नळीवर दातांचे व्रण असले तरी चालतात, उलट त्यानं भाव उतरतो. घरी आणला की वाटीत मीठ भरायचं, मिठावर स्पिरिट, आणि विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी मीठ चहाच्या रंगाचं झालेलं असतं. कुणा परक्या माणसाची सगळी वर्षं त्या मिठात उतरलेली असतात. मग बारीक पॉलिश पेपर, थोडं मेण, आणि पाइप माझा.

आज काकूंनी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं. उघडलं तर ब्रायर झुडपाच्या मुळाचा वाकडा पाइप, लाकडाच्या रेषा आगीच्या ज्वाळांसारख्या उभ्या. असा पाइप मी फक्त मोबाइलवर पाहिलाय. फुकट घे म्हणाल्या. अट एकच, की रोज संध्याकाळी मागच्या पडवीत, खिडकीखालच्या वेताच्या खुर्चीत बसून ओढायचा. त्याचा वास घरात आला पाहिजे.

ही काय अट झाली? मी तर तिथं पथारीसुद्धा टाकीन.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरा पाइप मिळाला! सरळ, काळाभोर, चांदीच्या कड्याचा. तो पेटवून पडवीत बसलो होतो आणि डोक्यावरच्या खिडकीतून कुणीतरी खोकलं.

मी काकूंना विधवा समजत होतो. कपाळावरचं कुंकू मला दिसलंच नव्हतं, इतकं ते फिकं लावतात. त्यांनी मला आत नेलं. खाटेवर त्यांचे यजमान, कृष्णाजी. व्यापारी जहाजांवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून अख्खं गाव त्यांना सारंगकाका म्हणतं. अर्धांगवायूनं दोन वर्षं आडवे. बोलता येत नाही, उजवं अंग गेलेलं, डावा हात छातीवर पडून. फक्त डोळे जागच्या जागी जिवंत. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या हातातल्या पाइपकडे बघत होते.

काकू म्हणाल्या की डॉक्टरांनी तंबाखू तोडलीय, निदान वास तरी मिळू दे. "पण तोंडाला लावू देऊ न्हको हां. कदी म्हंजे कदी न्हको."

मला भरून आलं. दोन वर्षं नवऱ्याचं गू-मूत काढायचं आणि वर त्याच्या आवडीच्या वासासाठी परक्या मुलापुढे असे पाइप ठेवायचे! जेटीवर तिकिटं देणारे भागोजी भेटले, त्यांच्याजवळ काकूंचं कौतुक केलं. ते म्हणाले, बाईचं सोड, माणूस देव आहे. गावातल्या कितीतरी पोरांना त्यानं जहाजावर चिकटवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आता मी पडवीत बसत नाही. आत, खाटेला गुडघे लावून बसतो. काकूंनीच तसं सांगितलं. धूर तोंडावर सोडायचा, सावकाश, जवळून. त्या दारात उभ्या राहून मशेरी लावत बघतात.

आज काकांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ओठ चोखणाऱ्या बाळासारखे हलत होते. मी थांबलो. काकूंनी मशेरीचं बोट थांबवलं आणि म्हणाल्या, "ओढ ना. थांबलास कशाला?"

त्या हसत होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. हे प्रेम नाही, एवढं मला तेव्हा कळलं. उपाशी माणसासमोर बसून कुणीतरी जेवावं, आणि ते जेवण मी जेवतोय.

खोलीत आलो तर टेबलावर तिसरा पाइप. बुटका, रुंद तोंडाचा, आतून अजिबात न जळलेला. मी तो उजेडात धरून बराच वेळ बघत बसलो. उद्या पुन्हा जाईन.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज विचारलंच, हे सगळं कशासाठी. काकू सुकट निवडत होत्या. त्यांनी पोलक्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली.

गोल डाग. मनगटापासून वर, काही नाण्याएवढे, काही मोठे, काही एकावर एक चढलेले. कातडी तिथं मेणासारखी. त्यांनी माझ्या हातातला वाकडा पाइप घेतला, कोपराखालच्या एका डागावर त्याची वाटी उलटी ठेवली, आणि कासाराकडे बांगडीचं माप बघावं तशी थोडी फिरवून म्हणाल्या, "ह्यो बग. बसला."

मग त्या बोलल्या. नवरा जहाजावरून सुट्टीवर आला की रोज संध्याकाळी ओढून झालं की हाक मारायचा. चिडून नाही. वाटी गरम असेतो काकूंनी हात पुढं करायचा, बस्स. कुठल्या बंदरात घेतलेला पाइप आहे तेही सांगायचा. गावात कुणाला सांगणार, गाव त्याच्याच वशिल्यानं जहाजं चढलेलं. "आता एकेक तुला देते. तुज्या हाती गेला की त्यो त्याचा ऱ्हात न्हाय. आन् ते त्याला पडल्या पडल्या बगावं लागतंय."

बाहेर जाऊन पाणी प्यायलो. मग खोलीत आलो, आणि जे केलं ते लिहितो: तिन्ही पाइप ओळीत ठेवून कुठल्याचं तोंड सगळ्यात रुंद आहे ते पाहिलं. तिसऱ्याचं. मग विचार आला, की एवढ्या डागांचे मिळून आणखी किती पाइप असतील घरात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लॅबमधलं मशीन बंद पडलं, दुपारीच सुटलो. काकू बाजाराला मुरूडला. मी सवयीनं काकांपुढे जाऊन बसलो.

काका पाइपकडे बघायचे, मग खिडकीवरच्या फळीकडे. पुन्हा पाइप, पुन्हा फळी. डाव्या हाताची तर्जनी खाटेच्या लाकडावर टक टक. ते काय म्हणताहेत ते कळायला मला वेळ लागला नाही. भंगारवाल्यांशी व्यवहार करून ती नजर मला ओळखता येते. हे दे, ते घे.

काकूंनी बजावलं होतं. पण एका झुरक्यानं काय होतंय, माणूस तसाही मेल्यात जमा. मी नळी त्यांच्या ओठांत धरली.

त्यांनी इतक्या जोरानं ओढलं की वाटीतला निखारा लाल होऊन वर फुगला. छाती भरली. मी धूर बाहेर यायची वाट बघत बसलो. आला नाही. नाकातून नाही, तोंडातून नाही. ते शांतपणे माझ्याकडे बघत होते आणि धूर आतच राहिला.

फळीवर, कौलाच्या खाचेत, पत्र्याचा डबा होता. त्यात मीअरशॉमचा, मऊ पांढऱ्या दगडाचा पाइप. समुद्रफेसासारखा पांढरा, तेवढाच हलका, वाटीवर जटाधारी म्हाताऱ्याचं तोंड कोरलेलं. माझ्यासारख्याला हा जन्मात मिळत नाही. काकूंना याचा पत्ता नसावा. शर्टाखाली घालून खोलीत आणला.

१ डिसेंबर, सोमवार

काकू नळावर गेल्या की मी आत जातो. रोज. पांढऱ्या पाइपला मधासारखा रंग चढायला लागलाय.

आधी तर्जनी हलत होती, मग पंजा हलायला लागला. परवा त्यांनी पाइप स्वतः धरला. आज माझं मनगट धरलं, उजव्या हातानं. जो हात गेलेला होता त्यानं. मी सोडवायला गेलो तर सुटला नाही, त्यांनी सोडला तेव्हा सुटला. धूर अजूनही बाहेर येत नाही. एवढा धूर माणसाच्या आत कुठे मावतो?

काकूंना सांगायला हवं. पण मग पांढऱ्या पाइपचंही सांगावं लागेल.

आज ते बोलले. खरखरीत, नांगराची साखळी ओढावी तसं. "त्याची जोडी हाय."

कुठे, म्हणून विचारलं. "शनवारी," म्हणाले आणि डोळे मिटले.

४ डिसेंबर, गुरुवार

काकूंना संशय आलाय. सकाळी काकांची उशी खाटेच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यांनी मला विचारलं, तू काय दिलंस का त्याला. नाही म्हटलं. त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं. मग भिंतीला धरून खालीच बसल्या.

दिघीला त्यांची बहीण आहे, जयमाला. तिच्याकडे पोचव म्हणाल्या, आजच्या फेरीनं. एकट्या का जात नाही म्हटलं तर म्हणाल्या, भागोजी तिकीट द्यायच्या आधी वर येऊन त्याला विचारील, सारंगकाकाला टाकून काकू कुठं चालली म्हणून. "तू संगं अस. दवाखान्यात नेतो म्हण. लॅबवाल्याचं ऐकतील ते. पोरा, आज ने. कायबी न्हको मला, ह्याच लुगड्यावर येते."

पाया पडायला वाकल्या. मी मागे सरलो.

रविवारी नेतो म्हटलं. रविवारी सुट्टी आहे, बरं पडेल.

खरं कारण शनिवार होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी डोळे पुसले, रविवार तर रविवार म्हणाल्या, आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला गेल्या.

६ डिसेंबर, शनिवार

कामावरून आलो तर ओटीवर माणसं. भागोजी पेढे वाटत होते. मधोमध वेताच्या खुर्चीत सारंगकाका. दाढी केलेली, पांढरा सदरा, पायात वहाणा. हातात पाइप.

"ये हितेश, बस," म्हणाले. आवाज स्वच्छ, भारदस्त. मग सगळ्यांना सांगितलं, "ह्या पोरानं मला उठवलं." लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. एका म्हातारीनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. भागोजींनी मिठी मारली, रडत होते.

काकू सगळ्यांना चहा देत होत्या. मलाही कप दिला. मी बघत होतो तरी त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कपाकडेही नाही.

सगळ्यांसमोर काकांनी पांढऱ्या पाइपच्या जोडीचा दुसरा पाइप माझ्या हातात दिला. शब्दाचे पक्के आहेत. अतिशय सुंदर आहे. मला तो नको आहे.

७ डिसेंबर, रविवार

काकूंना न्यायचं होतं. सकाळी काका ओटीवरच बसलेले. पायरी त्यांच्या पायांपाशी. काकू चुलीपाशी. मी बाहेर येऊन परत आत गेलो —

संध्याकाळी काकांनी मला पेटी आणायला लावली. त्यांचा एकेक पाइप हातात घेऊन बंदराचं नाव सांगत होते. प्रेमानं. मला आवडेल असं. मग एक भरला, ओढला. माणसं घरी गेलेली. मग त्यांनी काकूंना हाक मारली. मोठ्यानं नाही.

मी समोर बसलो होतो. मी उठलो नाही.

काकूंचा आवाज आला नाही. वास आला.

नंतर पाइप माझ्याकडे दिला. साफ करायला. मीठ आणि स्पिरिट, तुला चांगलं जमतं म्हणाले. काठावर काहीतरी चिकटलं होतं. पांढरट, ओलं —

साफ केला.

८ डिसेंबर, सोमवार. दुपार

पळालो. म्हणजे पळालो होतो.

काका आंघोळीला गेले तेव्हा काकू परसात होत्या. हाक मारता आली असती. फेरी लागलेली दिसत होती, वेळ नव्हता. पेटी घेतली. पेटी घेतली आणि त्यांना नाही घेतलं. लिहून ठेवतो.

जेटीवर भागोजी तिकीट देईनात. गप्पा मारत राहिले. काका कसे आहेत, एवढ्या सकाळी कुठे, पेटीत काय. ट्रक चढत होते. मागे वळलो तर उतारावरून काका येत होते. चालत, ऊन खात. शेजारी काकू, छत्री धरून. त्यांचा हात काकूंच्या मानेवर, मायेनं ठेवावा तसा.

कुणावर ओरडले नाहीत. बाकावर माझ्या शेजारी बसले आणि भागोजींना म्हणाले, पोरगं चांगलं आहे, मोह झाला असेल, पोलीस नकोत. पेटी उघडली. लोक जमले. पाइप बघून कुणीतरी मला पहिली थप्पड मारली.

मी ओरडून सांगितलं, काकूंनी दिलेत, काकूंचे हात बघा, बाही वर करा. शेजारची बाई म्हणाली, लाज न्हाय वाटत म्हाताऱ्या बाईचा पदर ओढायला? भागोजींनी काकूंना विचारलं, काकांनी दिला तो पांढरा सोडून, काकू, बाकीचे तुम्ही दिलेत का ह्याला?

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत, पुष्कळ वेळ. फेरीचा भोंगा झाला.

"मी कशाला देऊ?" म्हणाल्या. "चोरले त्यानं."

माझ्याच मोबाइलवरून काकांनी बाबांना फोन लावला. सगळ्यांसमोर, स्पीकरवर. काकांनी समजावून सांगितलं, मुलाला काही दिवस माझ्याजवळ ठेवतो, बाहेर बोभाटा नको. बाबांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "ठेवा, सारंगसाहेब. अक्कल येस्तवर ठेवा. माझ्या दारात नको."

फेरी गेली. ती जाताना मी पाहिली.

संध्याकाळ

मागची खोली, काकांची. खाट. बाहेरून कडी. खिडकीला गज आहेत, आधी लक्षात आले नव्हते —

गाव खूश आहे. काका चोराला सुधारणार. ओटीवरून कुणीतरी बोलून गेलं, नशीबवान पोरगं.

काकू चहा घेऊन आल्या. मी म्हटलं काकू चुकलो, कडी तेवढी — त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. आईसारखे. म्हणाल्या, "पयला लय लागतो. मंग सवय व्हते. डावा हात दे आधी, उजवा कामाला लागतो."

खरंच सांगत होत्या. रागानं नाही —

आता खिडकीखाली पडवीत झोपल्यात. घोरतायत. घरात आलो तेव्हापासून त्यांना झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकू, उठा. काकू —

बाहेर काकांनी पेटी उघडली. माझी. निवडतायत. लाकडाला लाकूड लागतंय. सावकाश. एक ठेवला. दुसरा —

काडी ओढली.

वास. चांगली तंबाखू आहे. मी कधी एवढी चांगली —

कडी निघाली. दारात उभे आहेत. ओढतायत. धूर अजूनही बाहेर नाही. हितेश म्हणाले. जेवायला बोलवावं तसं. मी डावा हात —